रेस देण्यापूर्वी : जुनी टूरिंग बाईक पारखण्याची शास्त्रोक्त रीत

जुनी टूरिंग बाईक बघायला निघालेल्या माणसाने आधी एक गोष्ट मान्य करावी : बाईक त्याने कधीच घेतलेली आहे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या जाहिरातीतला फोटो बघितला तेव्हाच व्यवहार मनात पुरा झाला. मागे दोन्ही बाजूंना पेट्या लावून झाल्या, रजेचा अर्ज टाकून झाला, रोहतांग ओलांडून झाला. आता उरलाय तो परीक्षेचा विधी. हा विधी आपल्याकडे असा चालतो : बाईकला एक प्रदक्षिणा, सीट दोनदा दाबून बघणं, सेल्फ मारणं, मग दोन-तीनदा करकचून रेस देणं, आवाज ऐकताना मान किंचित तिरकी करणं आणि शेवटी गंभीरपणे "हं" म्हणणं. या "हं"चा अर्थ विकणाऱ्याला बरोबर कळतो. गिऱ्हाइकाला यातलं काहीही कळत नाही, एवढाच तो अर्थ.

प्रस्तुत मार्गदर्शन त्या हुंकाराच्या पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला 411 सीसीची रॉयल एन्फील्ड हिमालयन घेऊ. 2016 साली ती बाजारात आली आणि आपल्या आत एक भटक्या दडलाय अशी शंका ज्यांना ज्यांना होती, त्यांच्यातल्या पुष्कळांनी ती घेतली. पुढे लग्न झालं, बदली झाली, मणक्याचा एक्स-रे निघाला आणि भटक्या दडलेलाच राहिला. 2023 च्या अखेरीस नवी 450 आल्यावर उरलेल्यांनीही जुनी विकायला काढली. तेव्हा बाजारात माल पुष्कळ आहे, आणि प्रत्येक मालामागे एक कहाणी आहे. कहाणी ऐकून घ्यावी, चहा प्यावा, पण बाईक बघताना दोन्ही विसरावं.

परीक्षा घरबसल्या जाहिरातीपासूनच सुरू होते. "सिंगल हँड", "डॉक्टरांनी वापरलेली", "एक रुपयाचं काम नाही" ही वाक्यं वाचायची नसतात. बघायचे ते फोटो, कारण विकणारा स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच, तोही उत्तम प्रकाशात काढून, चढवत असतो. काशीदच्या किनाऱ्यावर भरतीच्या लाटेत चाकं बुडवून उभी केलेली बाईक फार देखणी दिसते. खारं पाणी मात्र फोटो काढून झाल्यावर घरी जात नाही. ते स्पोकच्या निपलांत, सायलेन्सरच्या पोटात आणि चेनच्या कड्यांत मुक्कामाला राहतं. असा फोटो दिसला की तो जपून ठेवावा आणि भावाची बोलणी सुरू झाली की मोबाइल पुढे करावा. ताम्हिणीच्या धबधब्याखाली न्हाऊन निघालेल्या बाईकलाही हेच कलम लागू.

दुसरा पुरावा पेटीवर आणि टाकीवर चिकटवलेला असतो. टूरिंग बाईकच्या मालकाला स्टिकरांचा सोस असतो आणि मीटर मागे फिरवणाऱ्याला नेमका स्टिकरांचा विसर पडतो. वहीत बेरीज मांडावी. पुण्याहून लेहला जाऊन यायचं तर पाच हजार किलोमीटर, स्पितीला चार हजार, कन्याकुमारीला तीन हजार, कच्छच्या रणाला दोन हजार. झाले चौदा हजार. मीटर जर अकरा हजार दाखवत असेल तर अत्यंत आदराने विचारावं, "सर, मग ऑफिसला रिक्षाने जात होतात का?" यावर एकच सन्माननीय उत्तर आहे : बाईक रेल्वेच्या पार्सल डब्यातून वर पाठवली होती. पुष्कळ जण पाठवतात. टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून ती झेलम एक्सप्रेसने जम्मूला रवाना होते आणि मालक मागाहून विमानाने जातो. मग पार्सलची पावती मागावी. पावती नसेल तर मीटरला साक्षीदार म्हणून बाद करावं आणि फूटरेस्टचं रबर, हँडलच्या ग्रिपा, ब्रेकच्या पेडलची झिजलेली धार यांची जबानी घ्यावी. अकरा हजारांत रबर गुळगुळीत होत नाही. सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी होत असेल तर प्रत्येक वेळी किलोमीटर नोंदलेले असतात. तो कागदही बघावा.

(स्टिकरांवरही फार विसंबू नये. "खारदुंग ला, 18,380 फूट" हे स्टिकर लाखो बाइकांवर आहे. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं तोच आकडा होता, पण प्रत्यक्ष मोजणीत खिंड 17,582 फुटांच्या आसपास भरते. शिवाय जगातल्या सर्वांत उंच रस्त्याचा मान आता तिच्याकडे नाहीच. 2021 साली गिनीज बुकात 19,024 फुटांवरच्या उमलिंग लाची नोंद झाली. सरकारी पाटीने जिथे आठशे फूट वाढवले तिथे खाजगी विक्रेत्याने तीन हजार किलोमीटर कमी केले, यात नवल ते काय?)

बघायला जाताना सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचावं. शिष्टाचाराच्या दृष्टीने हे वाईट, इंजिनाच्या दृष्टीने उत्तम. "तुम्ही येणार म्हणून जरा स्टार्ट करून ठेवली" हे वाक्य प्रेमळ वाटतं, पण गरम इंजिन सगळं झाकतं. म्हणून नमस्कार करायच्या आधी हाताची मागची बाजू इंजिनाजवळ न्यावी. ऊब लागली तर "गार होऊ दे, घाई नाही" म्हणून तिथेच बसावं. आणखी एक चहा होईल. गार इंजिन सेल्फवर सहज सुरू झालं, क्षणभर पांढरी वाफ आली आणि विरली, तर काळजी नको. निळसर धूर सोडत राहिलं तर ते ऑइल खातंय, म्हणजे बोअर-पिस्टनचं नाहीतर व्हॉल्व्हचं काम निघालं. टॅपेटची टिकटिक आयुष्याचा भाग आहे, मिस्त्री ती सेट करून देईल. खालून, पोटातून जड ठोका येत असेल तर मात्र चहाचे आभार मानून उठावं. रेस द्यायची असेल तर या सगळ्यानंतर द्यावी, आणि तीसुद्धा आवाज ऐकायला नव्हे, मागून निघणारा धूर बघायला.

यापुढचं काम गुप्तहेराचं. पडलेली बाईक रंगवता येते, पण पडण्याला एक बाजू असते. ब्रेक किंवा क्लच लीव्हरचं टोक, हँडलचं टोक, फूटरेस्टची कड आणि क्रॅशगार्ड एकाच बाजूला घासलेले दिसले तर एका वळणाची हकीकत पुरी होते. दोनपैकी एकच आरसा नवा असेल तर जुन्याची चौकशी करावी. टूरिंगची बाईक उभ्या उभ्या पडतेच. दोनशे किलोचं वजन आणि एका पायाखाली सरकणारी वाळू, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. समोरून आपटलेली बाईक ही वेगळी गोष्ट. त्यासाठी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून खाली वाकून बघावं. हँडल जिथे थांबतं तिथे चासीवर एक लोखंडी अडथळा असतो. तो चेपलेला किंवा वाकलेला असेल तर पुढचं चाक कधीतरी कशावर तरी जोरात गेलं आहे. हे बघायला फार थोडे जण वाकतात. वाकल्यावर तुमच्या पाठीलाही आपलं वय कळतं, तो फायदा वेगळा.

नंतर मेन स्टँडवर लावावी. मागची बाजू कुणीतरी दाबून धरली की पुढचं चाक उचललं जातं. हँडल अगदी सावकाश फिरवावं. मधोमध खटकलं तर कोनसेट गेला. चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावं, मग मागचं चाक आडवं हलवून चिमट्याच्या बुशांचा खुळखुळाट ऐकावा. चाक फिरवून रिम आऊट आहे का बघावं. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीकडून मागे ओढावी. दात अर्धे उघडे पडले तर चेन-किटचा खर्च वहीत मांडावा. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी म्हातारं रबर पावसात पकडत नाही. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचावी. ही सगळी कामं दहा मिनिटांची आहेत आणि विकणारा या काळात हमखास म्हणेल, "दादा, तुम्ही स्वतः गॅरेज चालवता का?" गालातल्या गालात हसावं. उत्तर देऊ नये.

टूरिंग बाईकमध्ये एक दोष खास तिचा असतो. मागे दोन पेट्या, एक तंबू आणि बायको माहेरी आहे म्हणून आलेला मित्र, एवढं घेऊन खड्ड्यांतून हजारो किलोमीटर गेल्यावर सीटखालच्या चौकटीला, कॅरिअरच्या वेल्डिंगपाशी बारीक चिरा पडतात. सीट काढून टॉर्च मारावी. तिथेच वायरिंगही दिसेल. जादा दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर आणि जीपीएस यांच्यासाठी कुणीतरी वायरींना ठिकठिकाणी चावे घेऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. लडाखमध्ये ती टिकली, हे खरं. तुमच्याकडे ती कात्रजच्या बोगद्यात दगा देईल.

सीट काढलीच आहे तर मातीही शोधावी. 2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर आणि 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्यात होतं. त्या पुरात बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात गेली असेल असं नाही. काही धुऊनपुसून लांबच्या शहरांत उभ्या राहिल्या. वायरींच्या कपलरच्या आत, हेडलाइटच्या काचेमागे, मीटरच्या कडेला बारीक गाळ सापडला तर किंमत कितीही गोड असो, घेऊ नये. नुसत्या नंबर प्लेटवरून मात्र कुणावर आरोप करू नये. कोल्हापूरची बाईक अर्ध्या महाराष्ट्रापेक्षा स्वच्छ ठेवलेली असते.

सोबत कुणाला न्यावं? ज्याच्याकडे आधीच अशी बाईक आहे त्या मित्राला नेऊ नये. त्याला सोबती हवा असतो. तो तुम्हाला बाईक घ्यायलाच लावेल. ज्याच्याकडे बाईक नाही त्यालाही नेऊ नये. तो रंगाबद्दल बोलेल. भरवशाच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन न्यावं आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नये. त्याने नुसतं नाक मुरडलं तरी ते तुमच्या सगळ्या वाचनापेक्षा वजनदार समजावं.

चक्कर मारताना हेल्मेट स्वतःचं, लायसन्स खिशात आणि विकणारा मागे बसलेला असावा. तो तुमच्या मागे बसतो ते प्रेमापोटी नव्हे, तुम्ही परत यावं म्हणून. त्याचं वजन मात्र कामाला येतं, कारण टूरिंगची बाईक एकट्यासाठी नसतेच. सरळ रिकाम्या रस्त्यावर ती एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर पुढचा शॉकअप खाली बसताना कुरकुरतो का, चढावर क्लच सरकतो का, एवढंच बघावं. आणि गाणं म्हणू नये. चक्करमध्ये गाणं सुचलं की भाव पाच हजारांनी चढला म्हणून समजा.

राहिले कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर लोखंडावर कोरलेल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघावा. बँकेचा बोजा असेल तर तिची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. नंबर टाकून थकलेली ई-चलनं बघावीत. कुणाच्या सिग्नल तोडण्याचे पैसे आपण का भरायचे? "इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे" असं सांगितलं तर सावध. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावाच लागतो तो थर्ड पार्टीचा. तुमची स्वतःची बाईक त्यात येत नाही, आणि विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो. कर्नाटकची किंवा दिल्लीची पाटी असलेली बाईक स्वस्त दिसते, कारण इथला कर तुम्हाला पुन्हा भरायचा असतो. तो हिशेबात धरल्यावर ती क्वचितच स्वस्त उरते.

भाव पितृपक्षात करावा. गिऱ्हाइकं कमी, विकणारा हळवा. टोकन मात्र घटस्थापनेला द्यावं, म्हणजे घरचेही खूश. "लास्ट किती?" हा प्रश्न आधी जो विचारतो तो हरतो, म्हणून वहीतला खर्च, चेन-किट, टायर, कोनसेट, मोठ्याने वाचून दाखवावा आणि गप्प बसावं. गप्प बसणं पुण्यात अवघड जातं, पण प्रयत्नाने जमतं.

शेवटचे पैसे फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय देऊ नयेत. नाव बदलायचा अर्ज तुम्ही तीस दिवसांत आणि इन्शुरन्सचा चौदा दिवसांत करायचा असतो. विकणारा "करू निवांत" म्हणाला तर त्याला सांगावं की सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे : आरटीओत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. मग तोच तुम्हाला आरटीओत घेऊन जाईल. आणि हो, जवळचा पेट्रोल पंप कुठे आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. टाकी 15 लिटरची असली, तरी विकलेल्या बाईकमध्ये पेट्रोल गल्लीच्या टोकापर्यंतच असतं.