कुलरच्या हंगामात फेराइट

मे महिन्यात नागपुरात ‘वाइंडिंग’ म्हटलं की ते कुलरच्या मोटरचंच. नंदनवनातला वाइंडिंगवाला या दिवसांत मान वर करत नाही. 23 मे 2013 रोजी या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. तो आकडा ऐकवून आपली मोटर रांगेत पुढे सरकवणारी गिऱ्हाइकं अजून आहेत. अशा भर नवतपात एक निवृत्त काका दुकानात शिरले आणि मुठीतली वस्तू त्यांनी काउंटरवर ठेवली.

“माह्याजवळ या साइजचा फर्मा नाही काका,” वाइंडिंगवाला म्हणाला. “आन् याचा पत्रा कुठं आहे?”

पत्रा नव्हताच. तो 21 इंची जुन्या रंगीत टीव्हीच्या एसएमपीएसचा, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायचा, ट्रान्सफॉर्मर होता. घरात दुसरा टीव्ही नव्हता असं नाही. मुलाने घेऊन दिलेला चपटा टीव्ही भिंतीवर होता. पण त्याला पाठ नाही, आणि ज्याला पाठच नाही त्याच्यावर विसंबायचं कसं, हा काकांचा रोकडा सवाल.

या प्रकारच्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर सहसा निर्दोष असतो. जळतो तो मॉस्फेट, फुगतो तो कपॅसिटर. काकांनी दोन्ही बदलले. नवा मॉस्फेटही फट्‌ करून गेला. मल्टीमीटर मात्र वाइंडिंग ठणठणीत असल्याचं सांगत राहिला. तो तरी काय करणार? मुळातच ओहमभर रोध असलेल्या तारेत एखादा वेढा शेजाऱ्याला चिकटला, तर मीटरला ते कळतही नाही. शेवटी एलसीआर मीटरवर इंडक्टन्स पार बसलेला दिसला आणि आरोपी सापडला. सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीन या गल्लीत चौकशी केली. दुकानदाराने ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि आदराने पाणी विचारलं.

मग घरीच करायचं ठरलं. अभियांत्रिकी कॉलेजामुळे नंदनवनात भाड्याने राहणारी पोरं भरपूर. त्यातलाच एक वरच्या मजल्यावरून मदतीला उतरला. त्याला थिअरी येत होती. 230 व्होल्टची वीज सरळ केली की सुमारे 325 व्होल्ट डीसी मिळते, ती सेकंदाला पन्नासेक हजार वेळा तोडायची. वेग इतका असला की कोर छोटा चालतो. पण या वेगाला लोखंडी पत्रा भलताच तापेल, म्हणून फेराइट: टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी 1930 साली शोधलेली, लोखंडाच्या ऑक्साइडपासून भट्टीत भाजून केलेली ठिसूळ वस्तू. हे सगळं त्याने न अडखळता सांगितलं. फक्त ती वस्तू उघडायची कशी, हे परीक्षेत कधी आलं नव्हतं.

उघडायची उकळून. कोरचे दोन भाग वार्निशने घट्ट बसलेले असतात; गरम पाण्यात ते सैल पडतं. काकूंचं चहाचं पातेलं गॅसवर चढलं आणि त्यात ट्रान्सफॉर्मर डुबक्या मारू लागला. “काहून, आता याचीबी भाजी करून राहिले का?” काकूंनी विचारलं. उत्तर न देण्याइतके काका अनुभवी होते.

कोर न तुटता सुटला. पोराला त्यात खोट दिसली: मधला पाय बाजूच्या पायांपेक्षा अर्धा मिलिमीटर आखूड. “काका, हा घासला गेला. फेविक्विकने भरू?” काकांनी ट्यूब त्याच्या हातून काढून घेतली. पाय आखूड असल्याने कोरमध्ये फट राहते, आणि सप्लाय बहुतेक ऊर्जा त्या फटीतच साठवतो. ती बुजवली की कोर लगेच संपृक्त होतो आणि मॉस्फेट पुन्हा स्वर्गवासी.

उकलण्याचं काम मात्र बघण्यासारखं. पिवळा टेप, त्याखाली प्रायमरीचा अर्धा भाग, मग सेकंडरी, आणि सगळ्यात आत प्रायमरीचा उरलेला अर्धा. गळती कमी व्हावी म्हणून कारखान्याने सेकंडरी मधोमध दाबून बसवलेली. प्रत्येक वेढा काका मोठ्याने मोजत, पोरगा वहीत रेघ मारी, आणि कोणती तार कोणत्या पिनवरून कोणत्या दिशेने निघाली याचं चित्र काढी. दिशा एकदा उलटली की सगळंच उलटतं. अगदी आतल्या थरात काळा ठिपका सापडला, तेव्हा दोघांनी तो भिंगातून आळीपाळीने पाहिला आणि काकूंनाही बोलावलं. त्या आल्या नाहीत.

तारेसाठी पुन्हा वाइंडिंगवाला. तो म्हणाला, “एकच जाड तार घ्या ना, मजबूत राहते.” पण पन्नास हजारांच्या वेगाला वीज तारेच्या कातडीतच वाहते, तांब्यात जेमतेम 0.3 मिलिमीटर खोल. जाड तारेचा गाभा फुकट. काकांनी बारीक तारा जोडीने घेतल्या, किलोच्या भावात, ग्रॅमच्या हिशोबात. फॅराडेने 1831 साली आपल्या कड्यावर तार गुंडाळली तेव्हा थरांमध्ये सुती कापड घातलं होतं. काकांच्या टेपचं रीळ मात्र मधेच संपलं, आणि त्यांनी फॅराडेचा मार्ग न घेता पोराला बर्डीला पिटाळलं.

पहिली चाचणी सिरीज बल्बवर. 100 वॉटचा बल्ब क्षणभर भगभगला आणि विझत आला, म्हणजे शॉर्ट नाही. बी प्लसला, म्हणजे टीव्हीच्या मुख्य डीसी पुरवठ्याला, 112 व्होल्ट. टीव्हीला जोडलं, पडदा किरकिरला, उजळला आणि निळाभोर झाला. दूरदर्शनने जमिनीवरची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं केव्हाच थांबवली आहेत, त्यामुळे अँटेना लावून दाखवायला दुसरं काही नव्हतं. काका तो निळा रंग शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते, चारही कोपऱ्यांत कसा सारखा आहे ते.

“मॅच केव्हा लागते?” दारात उभ्या असलेल्या एकाने विचारलं.

“मॅच तिकडं आहे,” काकांनी मान न वळवता भिंतीकडे बोट केलं. “हे पाहा न, व्होल्ट एकबी हलून नाही राहिला.”