चार पंथ आणि एक कुलवृत्तांत

आमच्या घराण्यात देवावरून वाद नाहीत. सगळे मुकाट व्याडेश्वराला हात जोडतात. पण कॉम्प्युटरमधला डेटा कशावर साठवावा या प्रश्नावर आमच्यात चार पंथ आहेत आणि लग्नाकार्यात त्यांना एका पंगतीत बसवू नये, असा घरच्या बायकांचा अनुभव आहे.

थोरले काका अण्णा, हे सीडीपंथी. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटर शिकले, तेव्हा सीडी रायटर ही घरात आलेली नवी सून होती. तिचं कौतुक त्यांनी अजून सोडलेलं नाही. त्यांच्याकडे रेक्झिनचं चेनवालं पाकीट आहे आणि त्यातल्या तबकड्यांवर मार्करने लिहिलेलं आहे : ‘फोटो – महत्त्वाचे’, ‘फोटो – फार महत्त्वाचे’, आणि एकीवर, ‘बिनकामाचे, पण टाकू नये’. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, शंभर वर्षं काही होत नाही. दुकानदार धोरणी. शंभर वर्षांनी पावती घेऊन भांडायला कोण येणार? खरं म्हणजे घरी लिहायच्या सीडीत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेसर तो थर ठिकठिकाणी भाजतो आणि त्या भाजल्या-न भाजल्या ठिपक्यांनाच आपण मुंजीचे फोटो म्हणतो. ऊन, उकाडा आणि दमट हवा हे त्या रंगाचे तीन शत्रू. अण्णांचं पाकीट गुहागरच्या घरात, पत्र्याखालच्या माळ्यावर असतं. तिथे तिन्ही शत्रू सहकुटुंब राहतात.

शिवाय हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते. मी अण्णांना बीबीसीची गोष्ट सांगितली. इंग्लंडात 1086 साली राजाने सगळ्या मुलखाची मोजदाद करवून चामड्याच्या पानांवर लिहून ठेवली. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून 1986 साली बीबीसीने नवी मोजदाद केली आणि ती लेसर डिस्कवर घातली. पंधराएक वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं मिळेनात. चामडं मात्र आजही वाचता येतं. अण्णा म्हणाले, “मग मोडीचं काय? पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद ठणठणीत आहेत, वाचणारे दाखव.” बँकेतला माणूस. स्वतःची बाजू बुडाली तरी समोरच्याच्या खात्यात काही शिल्लक राहू देत नाही.

धाकटी आत्या पेनड्राइव्हपंथी. तिचा पेनड्राइव्ह कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो, त्यामुळे तो हरवला की कपाटही उघडत नाही. पेनड्राइव्हच्या पोटात विजेचा इवलासा भार कोंडून ठेवलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू गळतो, उन्हाळ्यात जरा जास्तच. लिहून लॉकरात ठेवावा आणि नातवाच्या लग्नात काढावा, अशी ती वस्तू नव्हे. एसएसडीचीही जात तीच. मध्यंतरी आत्याने फुटपाथवरून पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह आणला. असले पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला स्वतःचं आकारमान बिनदिक्कत खोटं सांगतात. फायली जात राहतात, नावं दिसत राहतात, आणि खरी जागा संपली की नवी फाइल जुनीच्या डोक्यावर बसते. आत्याच्या चारधाम यात्रेतलं बद्रीनाथ असंच केदारनाथावर बसलं.

भाचा क्लाउडपंथी. डेटा कुठे आहे असं विचारलं की तो बोट वर करतो, त्यामुळे पूर्वजांचे फोटो पूर्वजांबरोबरच असल्यासारखं वाटतं. “मामा, तू कशाला काळजी करतोस? सगळं आपोआप सिंक होतं.” होतं ना! फोनवरचा फोटो चुकून पुसला की वरचाही तितक्याच आपोआप पुसला जातो. कचराकुंडीत थोडे दिवस पडून राहतो, मग तिथूनही जातो. ही पतिव्रता म्हणून ठीक आहे, बॅकअप म्हणून नाही. आणि फुकटचे पंधरा जीबी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या सुप्रभातींनाच पुरत नाहीत.

मी हार्ड डिस्कपंथी. तिची चकती मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उंचीवर तरंगतं. एवढ्या नाजूक गोष्टीवर विश्वास ठेवायला श्रद्धाच लागते. ती आमच्याकडे आहे. डिस्क पडली तर काय, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, दुसरी घेऊ. ती म्हणाली, “आणि ठेवशील पहिलीच्याच शेजारी.”

तिथून प्रश्न खरा पेटला. जाणकारांचा एक सुटसुटीत नियम आहे : प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. म्हणजे चारही पंथ थोडे थोडे बरोबर, ही गोष्ट कुणालाच आवडली नाही. पण ‘टॉय स्टोरी 2’ हा जवळजवळ अख्खा सिनेमा 1998 साली स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरून पुसला गेला, तिथला बॅकअपही कुचकामी निघाला, आणि बाळंत झाल्यामुळे घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीने तो वाचवला, हे ऐकल्यावर आत्या वरमली. घराबाहेरची प्रत हवीच, असं ठरलं.

ठेवायची कुणाच्या घरी? डोंबिवलीची मावशी उघडून बघेल. कुलूप घालून, म्हणजे पासवर्ड लावून द्यावी, तर तो कुठे लिहायचा? अण्णा म्हणाले, सीडीवर. पुण्याचे व्याही विश्वासू, पण त्यांच्याकडे आमची मिळकतीची कागदपत्रं ठेवायची म्हणजे मुलीचा संसार सुखाचा होईल की नाही, यावर बायकोला शंका. नाशिकच्या नानाकाकांचं नाव कुणी काढलं नाही. गुहागरच्या कलमांच्या वाटणीपासून अण्णा आणि ते एकमेकांशी वकिलांमार्फत बोलतात.

बॅकअपात सर्वांत आधी काय घालायचं, यावर मात्र एकमत होतं : अण्णांनी वीसेक वर्षांपूर्वी टाइप केलेला कुलवृत्तांत. भाच्याने बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागवला. पाकीट उघडलं. अर्ध्या तबकड्या वाचल्याच गेल्या नाहीत, पण ‘कुलवृत्तांत – अंतिम’ खरखर करत उघडली. अण्णांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की माझी हार्ड डिस्क मला तोंड लपवायची जागा वाटली. भाच्याने फाइल उघडली. पहिल्या पानावर मूळ पुरुषाच्या नावाच्या जागी कंस, टक्के, डॉलर आणि दोन उद्गारचिन्हं होती. त्यांना चार पुत्र, चौघेही स्वल्पविराम. युनिकोडच्या आधीचा कुठलासा मराठी फॉन्ट, आता कुणाच्याच मशीनवर नाही. तबकडीने एकही बाइट गमावला नव्हता.

“छापलेली प्रत असेल ना?” बायकोने विचारलं.

अण्णा बराच वेळ पाकिटाची चेन मागेपुढे करत बसले. “एक होती. स्पायरल बायंडिंग केलेली. नानाकडे दिली होती, तपासायला.”

शेवटी फोन मीच लावला. नानाकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. प्रत होती, अगदी व्यवस्थित होती, दिवाणातच होती. “पाठवतो की,” ते म्हणाले, “पण फोन आधी अण्णाकडे दे, आणि त्याला म्हणावं सातबारा समोर घेऊन बस.”