हेदवीत राहून रोमन देव कसे पुजावेत : नवशिक्यांसाठी

सुरुवात दशभुजा लक्ष्मी-गणेशापासूनच करावी. टेकडीवर जाऊन मूर्ती नीट पाहून घ्या. उजवीकडच्या पाच हातांत चक्र, त्रिशूळ, धनुष्य, गदा आणि महाळुंग. डावीकडच्या पाचांत कमळ, पाश, नीलकमळ, दात आणि धान्याची लोंबी. सोंडेत कलश, डाव्या मांडीवर लक्ष्मी. लढाई, शेती, संसार, तिजोरी, सगळं एकाच गाभाऱ्यात उरकतं. आपल्याला याची सवय झाली आहे, आणि रोमन देवांकडे वळणाऱ्याने पहिल्यांदा मोडायची ती हीच. तिकडचा कारभार तालुक्याच्या कचेरीसारखा असतो, प्रत्येक खिडकीवर वेगळा साहेब.

आता घरी येऊन दारापाशी उभे राहा. दार एकच दिसत असलं तरी देव तीन आहेत. फळीचा फोर्क्युलस, उंबऱ्याचा लिमेंटिनस आणि बिजागरीची कार्डिया. यांच्या वर येण्याजाण्याचा साहेब जेनस, त्याला दोन तोंडं. पाचव्या शतकात सेंट ऑगस्टीनने या व्यवस्थेची यथेच्छ टर उडवली : दारावर माणूस ठेवायचा तर एक पुरतो, देव मात्र तीन लागतात! ऑगस्टीन हेदवीत राहिला असता तर इतका हसला नसता. खाऱ्या वाऱ्यात बिजागरी दोन पावसाळे काढत नाही. कार्डियाला स्वतंत्र नेमणूक हवीच. गटारांची देवी क्लोआसिना, तिचा विचार ग्रामपंचायतीने करावा.

शेतीसाठी सीरीझ ही मोठी बाई. पण पिकावर तांबेरा पडला तर तिच्याकडे दाद नाही, त्याला रोबिगस. त्याचा सण २५ एप्रिलला, आणि त्याला कुत्र्याचा बळी द्यावा लागे. हे करू नये. एक तर आपल्याकडे त्या सुमारास शेतात राब भाजून ठेवलेला असतो, तांबेरा पडायला पीक कुठलं? दुसरं म्हणजे आंब्यावरच्या तुडतुड्यासाठी रोमनांनी कोणताच देव नेमलेला नाही. फवारणीचा पंप दुरुस्त करून ठेवा.

नवसाच्या बाबतीत हेदवीकराला शिकवण्यासारखं काही नाही. तू हे कर, मी ते देईन, हा व्यवहार रोमनांनाही तोंडपाठ होता. गाऱ्हाणं घालताना आपण जसं कुणाचं नाव राहून गेलं तर सांभाळून घे म्हणतो, तसे तेही म्हणत, ‘देव असशील वा देवी असशील’. फरक इतकाच की नवस फेडला की ते त्याची पावती दगडावर कोरत. व्ही, एस, एल, एम अशी चार अक्षरं. म्हणजे नवस फेडला, राजीखुशीने, देवाचं देणं होतं म्हणून. असे हजारो दगड युरोपभर सापडले आहेत. आपल्याकडे फेडलेल्या नवसांपेक्षा राहिलेल्यांचीच आठवण जास्त निघते, तेव्हा ही पद्धत उचलावी असं माझं मत आहे.

कौलाबाबत मात्र सावध राहा. आपल्याकडे उजवा कौल म्हणजे होकार. रोमन शकुन्यांना डावीकडची वीज शुभ. गुरवाने आणि रोमन शकुन्याने एकाच वेळी कौल लावला तर गावात दोन पार्ट्या पडतील. लढाईला निघताना ते पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकत. त्या चवीने खाऊ लागल्या तर पुढे जायचं. इ.स.पू. २४९ मध्ये पब्लियस क्लॉडियस पुल्खर या सेनापतीच्या कोंबड्या दाण्याला तोंड लावीनात. खात नाहीत तर पिऊ देत, म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या, आणि द्रेपानाच्या लढाईत आरमार घालवून बसला. आपल्याकडे कोंबडीचा उपयोग सहसा पूजा संपल्यावर सुरू होतो, तेव्हा हा धोका कमी.

समुद्राचा देव नेपच्यून. त्याचा सण २३ जुलै, ऐन उन्हाळ्यातला. डहाळ्यांचे मांडव घालून सावलीत बसायचं. हेदवीत त्या तारखेला मांडव घातलात तर तो वेळणेश्वरला जाऊन शोधावा लागेल. भरतीच्या वेळी उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळीत पाणी कसं उसळतं ते लांबून बघा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा. दर्शनाचीच आस असेल तर कोल्हापूर गाठा. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५च्या सुमारास रोमन जगातून आलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक नेपच्यूनची, लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्राचा देव एवढा किनारा सोडून घाट चढून पंचगंगेकाठी जाऊन राहिला. कोकणातली माणसंही घाटावर जातात, पण ती गणपतीला परत येतात. नारळ नेऊ नका, फोडू देणार नाहीत.

शेवटी पितर. आपण त्यांना पान वाढून बोलावतो, रोमन त्यांना घराबाहेर काढत. ९, ११ आणि १३ मे. मध्यरात्री घरच्या कर्त्याने अनवाणी उठायचं, हात धुवायचे, काळे पावटे मागे न बघता टाकत जायचं, मग काशाचं भांडं बडवून नऊ वेळा सांगायचं : पूर्वजांनो, निघा. याच कारणाने त्यांच्याकडे मे महिन्यात लग्न अशुभ. हेदवीत मे महिन्यात नेमकं उलटं असतं. कुणाचं तरी लग्न, त्यासाठी मुंबईहून आलेली माणसं, ओटीवर, पडवीत, माजघरात अंथरुणाला अंथरूण लागलेलं. पावटे टाकताना पाय कुणाच्या पोटावर पडेल सांगता येत नाही. भांडं बडवण्याआधी पाहुण्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे तेवढं विचारून घ्या.