जोडणी-मीमांसा

डेस्कटॉप डेटाबेस, म्हणजे एका फाइलीत मावणारा माहितीसाठा, ही मूलतः एकत्र कुटुंबाची व्यवस्था आहे. मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅक्सेस १९९२ साली बाजारात आले आणि कार्यालयाकार्यालयांत रुजले, त्याचे कारण हेच की या फाइलीला दार एकच असते, ते म्हणजे सामायिक फोल्डर, आणि त्या दारापर्यंत पोहोचलेला माणूस घरचाच मानला जातो. फाइलीची कमाल मर्यादा २ गिगाबाइट आणि एकाच वेळी वापरणाऱ्यांची मर्यादा २५५ असल्याचे कागदोपत्री नमूद आहे, प्रत्यक्षात या संख्येच्या कितीतरी अलीकडेच “फाइल कोणी उघडून ठेवली आहे?” हा प्रश्न मजलाभर घुमू लागतो आणि मग एखाद्या बैठकीत सर्व काही ‘सर्व्हरवर टाकण्याचा’ ठराव एकमताने मंजूर होतो. या क्रियापदात ‘टाकणे’ आहे, ‘जोडणे’ नाही, ही बाब त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

टाकणे खरोखरच सोपे असते. तक्ते उचलून एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेऊन ठेवणारे साधन मायक्रोसॉफ्टच मोफत देते आणि ते काम बहुधा एका दुपारी आटोपते, एवढेच की जन्मतारखेच्या रकान्यात कोणी घाईघाईत सन १९८५ ऐवजी १९८ लिहिले असेल, तर १७५३ पूर्वीचे काहीही न मानणारा जुना तारीख-प्रकार ती नोंद नाकारतो. अ‍ॅक्सेसला मात्र सन १०० पासूनचे कर्मचारी चालत आलेले असतात.

खरी मीमांसा सुरू होते ती जोडणीपाशी. सर्व्हर हे घर नव्हे, कचेरी आहे. तेथे फाइल कोणी स्वतः उघडत नाही, खिडकीवर अर्ज करावा लागतो. खिडकीचा क्रमांक म्हणजे पोर्ट, आणि मुख्य खिडकी प्रथेने १४३३ क्रमांकाची. परंतु एकाच यंत्रावर नाव देऊन बसवलेली वेगळी प्रत असेल, तर तिची खिडकी बदलती असू शकते आणि ती कोठे आहे हे सांगण्यासाठी १४३४ क्रमांकावर ब्राउझर नावाची एक चौकशी खिडकी असते, जी बहुतेक वेळा बंद असते. शिवाय मोफत मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत नेटवर्कवरून येणारे अर्ज मुळातच स्वीकारले जात नाहीत. टीसीपी-आयपी ही सोय कोणीतरी मुद्दाम सुरू करून सेवा पुन्हा चालू करावी लागते. त्याच यंत्रावर बसून जोडल्यास मात्र सर्व सुरळीत चालते, कारण ती जोडणी नेटवर्कवर न उतरता यंत्राच्या आतूनच होते, आणि म्हणून “माझ्याकडे तर चालतंय” हे तज्ज्ञाचे विधान खरे असूनही निरुपयोगी ठरते. त्याच्या पुष्ट्यर्थ ‘पिंग लागतो आहे’ असाही पुरावा दिला जातो. पिंग लागल्याने कचेरीची इमारत जागेवर आहे एवढे सिद्ध होते, खिडकीमागे कोणी बसले आहे की नाही ते नव्हे. अशा प्रसंगी येणारा त्रुटीसंदेश सर्व्हर सापडला नाही किंवा पोहोचता आले नाही, नाव तपासावे, दूरच्या जोडणीला परवानगी असल्याची खात्री करावी, असे सर्व पर्याय एका दमात मांडतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला मिळणाऱ्या उत्तराचा अभ्यास ज्यांनी केला आहे, त्यांना ही शैली परिचित वाटेल.

पत्ता सापडला की दुभाष्याचा प्रश्न येतो. अ‍ॅक्सेस आणि सर्व्हर यांच्यात बोलणे घडवणारा हा दुभाषी, म्हणजे ओडीबीसी ड्रायव्हर, ३२ आणि ६४ बिट अशा दोन जातींचा असतो, आणि एका जातीचे कार्यालयीन सॉफ्टवेअर दुसऱ्या जातीच्या दुभाष्याला ओळखही दाखवत नाही. त्यांची नोंदणी करणारे साधन दोन्हींसाठी एकाच नावाचे असून ६४ बिटचे साधन ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात, तर ३२ बिटचे ‘सिसवॉव६४’ या फोल्डरात राहते. शंभरी ओलांडलेल्या पुलाला नवा पूल म्हणणाऱ्या पुणेकरांना यात वावगे काही दिसू नये.

त्यानंतर ओळख पटवणे. येथे १८४५६ क्रमांकाची त्रुटी येते आणि ती कारण सांगत नाही. नाव चुकले, पासवर्ड चुकला, की त्या पद्धतीने प्रवेशच बंद आहे, हे चोराला कळू नये म्हणून सर्व्हर बाहेर सर्वांना सारखेच उत्तर देतो. खरे कारण आतल्या नोंदवहीत उपक्रमांकाने लिहिलेले असते, ५ म्हणजे असा वापरकर्ताच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा. ही वही वाचण्याचा अधिकार ज्याला असतो त्याला अडचण नसते, आणि अडचण असलेल्याला अधिकार नसतो. ओडीबीसीच्या अठराव्या ड्रायव्हरपासून तर जोडणी कूटबद्धच असावी असा मूळ दंडक झाला असल्याने सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्रही नाकारले जाते. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले स्वयंसाक्षांकन ड्रायव्हरला मान्य नाही.

या प्रत्येक टप्प्यावर एकेक कारण वगळत जाणे ही शास्त्रोक्त पद्धत होय. कार्यालयीन पद्धत वेगळी आहे: फायरवॉल बंद करावी, सर्वाधिकारी ‘एसए’ खात्याचा पासवर्ड सर्वांना द्यावा, प्रमाणपत्राच्या जागी ‘विश्वास ठेवा’ असे लिहावे आणि या सर्वांस ‘तात्पुरते’ म्हणावे. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा किडा जगभरच्या सर्व्हरांत शिरला तो याच १४३४ च्या चौकशी खिडकीतून, आणि त्यावरची दुरुस्ती तोवर सहा महिने उपलब्ध होती. तेव्हाही ती बसवण्याचे काम बहुधा तात्पुरतेच लांबणीवर असावे.

अखेर जोडणी होते. मग प्राथमिक की नसलेल्या तक्त्यातील नोंदी दिसतात पण बदलता येत नाहीत, आणि ‘होय-नाही’च्या रकान्यात काहीच नसल्यास एकट्याने काम करणाऱ्या लिपिकालाही ही नोंद दुसऱ्याने बदलल्याचे कळवले जाते. तो दुसरा कोण, याचा शोध घेण्यात काही दिवस जातात. नंतर तक्रारी येणे थांबते आणि स्थलांतर यशस्वी झाल्याचे इतिवृत्तात नोंदवले जाते. सामायिक फोल्डरातील जुन्या फाइलीवर शेवटच्या बदलाची तारीख मात्र आजचीच असते.