बुडबुडाप्रमेय : आरएक्स 100 च्या हेडसंबंधी एक अल्पप्रबंध

यामाहा आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक मोटरसायकल भारतात 1985 साली आली आणि 1996 साली तिचं उत्पादन थांबलं. तिच्यावरचं भाष्य मात्र थांबलेलं नाही. ते बव्हंशी मौखिक असून गॅरेजच्या दारात, उभ्यानेच सांगितलं जातं. त्यातलं सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे हेड मारल्यावर, म्हणजे सिलिंडरचं हेड लेथवर घासून पातळ केल्यावर, कॉम्प्रेशन रेशो नेमका किती झाला?

1. सूत्र. पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले पिस्टन माथ्याशी असतानाची जागा. बोअर 50 मिमी, स्ट्रोक 50 मिमी, म्हणजे 98.2 सीसी. इथवर कुणी हमरीतुमरीवर येत नाही. कलहाचं मूळ छेदात आहे. माथ्यावर उरलेली जागा, गॅस्केटच्या जाडीसकट, समजा 12 सीसी भरली, तर रेशो 9.2. लेथवर हेड अर्धा मिलिमीटर मारलं की सुमारे एक सीसी जागा जाते; छेद 11, रेशो 9.9.

2. मापनविधी. पिस्टन माथ्याशी आणावा. रिंगांतून गळू नये म्हणून त्याच्या कडेला आधीच ग्रीस फासलेलं असावं. प्लग काढून त्याचं भोक वर येईल अशी गाडी कलती धरावी आणि सिरिंजने पातळ ऑइल आट्यांच्या तळापर्यंत सोडावं. गाडी धरणाऱ्यास सहसंशोधक म्हणतात. ‘झालं का?’ हे त्याचं एकमेव योगदान.

3. बुडबुडाप्रमेय. पिस्टन आणि हेड यांमधल्या चिंचोळ्या कडेला हवा दडून बसते. अर्ध्या सीसीचा बुडबुडा राहिला, की ऑइल अर्धा सीसी कमी मावतं आणि 12 च्या जागी 11.5 नोंदले जातात. रेशो 9.5! याचा अर्थ, अर्ध्या सीसीचा बुडबुडा पाव मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची बरोबरी करतो, तेही लेथवाल्याला एक पैसा न देता. कागदोपत्री याहून स्वस्त ट्यूनिंग नाही.

4. संप्रदायभेद. पूर्णस्ट्रोकवादी सबंध 98.2 सीसी धरतात. पोर्टवादी म्हणतात, टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट बंद होईपर्यंत काहीच दाबलं जात नाही. त्यानंतरचाच स्ट्रोक मोजा. जपानी कंपन्यांची बहुधा हीच रीत, म्हणून त्यांच्या माहितीपत्रकातले आकडे अशक्त दिसतात. पेच पुढेच आहे. हेड मारणारा हौशी त्याच दिवशी पोर्टही वर घासून घेतो. पोर्टवाद्यांच्या हिशेबात रेशो हेडने चढतो, पोर्टने उतरतो. पूर्णस्ट्रोकवाद्यांना ही उतरण दिसतच नाही. दोघंही मेकॅनिकला सारखेच पैसे देतात.

5. पोटरीप्रमाण. तिसरा संप्रदाय गणित मानत नाही. किक मारावी, ती उलटी येऊन पोटरीवर बसली तर ‘कॉम्प्रेशन लय झालंय’ हा निष्कर्ष. या मताला प्रबंधकार हसत नाही. कारण रेशो खरोखर हाताबाहेर गेला, तर चढावर इंजिन खडखडतं आणि पुढे पिस्टनला भोक पडतं. तिथे पेट्रोल कुठल्याच संप्रदायाचं ऐकत नाही.

6. निर्णय. रेशो सांगताना संप्रदाय, गॅस्केट आणि पोर्टची उंची यांचा उच्चार करावा. दशांशचिन्हानंतरचा आकडा मोठ्याने सांगू नये. तो बुडबुड्याचाही असू शकतो. आणि गाडी चौकात उभी असताना कुणी ‘किती पळते?’ असं विचारलंच, तर सहसंशोधकाकडे बोट दाखवावं. त्याला काहीच मोजता आलेलं नसल्यामुळे तोच सर्वांत ठाम उत्तर देईल.