दाजींची दुसरी नोकरी

जादू, राक्षस आणि ड्रॅगन यांनी भरलेल्या दुनियेत एखाद्याला सोडून दिलं तर तो काय करील? तलवार शोधील, मंत्र शिकेल, निदान पळून तरी जाईल. आमच्या दाजींनी आधी चौकशी केली, की इथे बँक कुठे आहे. बँक सापडली. बँकेजवळ झाड सापडलं. दाजींनी कुऱ्हाड उचलली, झाड तोडलं, ओंडके बँकेत भरले आणि परत येऊन दुसऱ्या झाडाला भिडले. तो क्रम अजून चालू आहे.

ऑनलाइन खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हेडफोन लावून किंचाळणारी पोरं येतात. पण त्याच खेळांत दाजींसारख्यांची एक शांत वसाहत असते. यांना जिंकायचं नसतं आणि हरायचं तर मुळीच नसतं. काल होतो त्यापेक्षा आज चार आकडे पुढे आहोत, एवढं दिसलं की यांना जेवण गोड लागतं.

दाजींच्या खेळाचं नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. मूळ रूनस्केप केंब्रिजच्या अँड्र्यू गॉवरने भावांना हाताशी धरून ४ जानेवारी २००१ रोजी सुरू केला. पुढे २०१२ साली खेळ चालवणाऱ्या जॅजेक्स कंपनीने त्यातली लढाईची पद्धतच पालटली आणि जुने खेळाडू खवळले. तेव्हा कंपनीने ऑगस्ट २००७ची जपून ठेवलेली प्रत बाहेर काढली, खेळाडूंचं मत घेतलं आणि २२ फेब्रुवारी २०१३ला जुना खेळ जसाच्या तसा पुन्हा चालू केला. हा इतिहास भाच्याने सांगितला तेव्हा दाजींनी एकच प्रतिक्रिया दिली, "बॅकअप ठेवला होता, हे महत्त्वाचं." दाजी निमसरकारी कार्यालयात लेखा विभागात आहेत.

हा खेळ ऑक्टोबर २०१८मध्ये मोबाइलवर आला आणि भाच्याने तो दाजींच्या फोनमध्ये टाकून दिला. हेतू उदात्त होता. डोंबिवली ते फोर्ट या प्रवासात दाजी नातेवाइकांच्या ग्रुपवर सुप्रभात, सुविचार आणि काढ्याच्या कृती पाठवत; त्यांचे हात दुसरीकडे गुंतले तर सगळ्यांचंच भलं होईल, असा विचार होता. तो हिशेब बरोबर निघाला. आज तीन जिल्ह्यांतले नातेवाईक भाच्याला दुवा देतात.

पहिली अडचण नावाची आली. खेळातलं नाव जास्तीत जास्त बारा अक्षरांचं असतं. दाजींना 'डोंबिवली ईस्ट' हवं होतं. इंग्रजी स्पेलिंग, मधली मोकळी जागा धरून, तेरावर गेलं. नुसता 'ई' लाव, असं भाचा म्हणाला. दाजी म्हणाले, "पत्त्यात काटकसर करायची नाही, पोस्टमन चुकतो." शेवटी ईस्टमधला टी गळाला आणि 'डोंबिवली ईस' या नावाने दाजी गिलिनॉरच्या दुनियेत उतरले. तिथली गोरी पोरं त्यांना 'डॉम' म्हणतात. ही हाक दाजींना मनापासून आवडते. ऑफिसात त्यांना सगळे आडनावाने, आणि तेही चुकीच्या, हाक मारतात.

नव्या खेळाडूला लंब्रिजच्या वाड्यातला आचारी पहिली कामगिरी देतो. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय, अंडं, दूध आणि पीठ आणून दे. पिठाची तऱ्हा अशी, की शेतात जाऊन गहू तोडायचा, पवनचक्कीच्या पार वरच्या मजल्यावर चढून तो हॉपरमध्ये ओतायचा, दांडा ओढायचा आणि खाली उतरून पीठ मडक्यात भरून घ्यायचं. एका रविवारी दाजी सोफ्यावर बसून हे सगळं मन लावून करत होते आणि ताई मागे उभी राहून पाहत होती.

"हे काय चाललंय?"

"दळण आणतोय. ड्यूकचा वाढदिवस आहे."

ताई काही बोलली नाही. आत गेली, चार दिवस ओट्याखाली वाट पाहत असलेला गव्हाचा डबा उचलून आणला आणि दाजींच्या पायाशी ठेवला. त्या दिवसापासून घरचं दळण दाजी आणतात. गिलिनॉरपासून डोंबिवलीला झालेला हा सगळ्यात ठोस फायदा.

या खेळात लढाईइतकाच मान लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, खाणकाम यांना आहे. फार काय, शेकोटी पेटवणं हेसुद्धा स्वतंत्र कौशल्य आहे. प्रत्येक कौशल्यात एकपासून नव्याण्णवपर्यंत पातळ्या. दाजींनी मासेमारी थोडी करून पाहिली, शेकोटीला साफ नकार दिला ("तोडलेलं लाकूड जाळायचं? मग तोडलं कशाला?") आणि सगळं आयुष्य लाकूडतोडीला वाहिलं. साध्या झाडापासून सुरुवात करून ओक, विलो असं करत साठाव्या पातळीला यू नावाच्या झाडाचा परवाना मिळाला, त्या दिवशी दाजींनी घरी आम्रखंड आणलं होतं. कारण विचारल्यावर "असंच" म्हणाले.

एजव्हिल गावात बँकेच्या दक्षिणेला यूची झाडं आहेत. तिथे दाजींचा मुक्काम. दृश्य फार साधं. दाढीवाला एक ठेंगणा माणूस झाडासमोर उभा असतो आणि कुऱ्हाड मारत असतो. काही वेळ काहीच घडत नाही. मग खालच्या चौकटीत ओंडका मिळाल्याची ओळ उमटते आणि खात्यावर १७५ गुण जमा होतात. पिशवीत २८ वस्तू मावतात. कुऱ्हाड हातात धरली की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जागा ओंडक्यांना मोकळ्या. पिशवी भरली की बँक. बँकेतून परत झाड. मी एकदा शेजारी बसून अर्धा तास हे पाहिलं. मधे एकदा झाड पडलं आणि बुंधा तेवढा उरला. दाजी म्हणाले, "आता मजा आहे." मजा अशी होती, की झाड परत उगवेपर्यंत थांबायचं होतं.

गावाच्या उत्तरेला एक चर आहे. चर ओलांडला की वाइल्डरनेस. तिथे कुणीही खेळाडू तुम्हाला मारून तुमचा माल लुटू शकतो. दाजी रोज त्या चरापासून हाकेच्या अंतरावर काम करतात, पण त्यांनी तो कधी ओलांडलेला नाही. "पलीकडे काय असेल, याची उत्सुकता नाही वाटत?" मी विचारलं. "आहे ना," दाजी म्हणाले, "पण ती इकडे उभं राहूनही वाटते."

ड्रॅगनचंही तेच. क्रँडॉर बेटावर एल्व्हार्ग नावाची ड्रॅगन राहते. तिला मारल्याशिवाय रून धातूचं भारी चिलखत अंगावर चढवता येत नाही. फुकट खेळणाऱ्यांसाठी हा केवढा मोठा टप्पा! भाच्याने आग्रह करून करून डोकं खाल्लं. दाजींनी शांतपणे विचारलं, "तिने माझं काय वाकडं केलंय?"

भाचा अगदी दुसऱ्या टोकाचा. या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यांवर चालतं, आणि कुठल्या ठोक्याला कुठल्या फरशीवर पाय ठेवायचा, हे त्याला झोपेतही सांगता येतं. चार मित्र जमवून तो रात्री दोनपर्यंत राक्षस मारतो आणि एकाचा पाय चुकला तर चौघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. "बाबा, तुम्ही गेम खेळतच नाही आहात," तो एकदा चिडून म्हणाला. त्यावर दाजींनी त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि म्हणाले, "आणि तू खेळतोयस?"

फसवणारेही या दुनियेत काही कमी नाहीत. मुख्य बाजारात उभा राहून एक जण ओरडत असतो, नाणी द्या, दुप्पट करून देतो. आधी थोडी रक्कम खरंच दुप्पट करून देतो, मोठी रक्कम हातात पडली की पसार. कोवळी पोरं फसतात. दाजींनी आयुष्यात दोन पतपेढ्या बुडताना पाहिल्या आहेत. ते त्या माणसासमोर बराच वेळ नुसते उभे राहिले आणि मग टाइप केलं, "ऑडिट रिपोर्ट प्लीज." दाजींच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत हे शब्द झळकले. भोवतालचे चार जण हसले, आणि तो माणूस तिथून निघून गेला. दाजींनी गिलिनॉरमध्ये लढलेली ही एकमेव लढाई.

या खेळात माणसाऐवजी प्रोग्रॅमला झाड तोडायला लावणारे लबाडही बरेच. कंपनी त्यांची खाती बंद करत असते. दाजींची शिस्त पाहून एका परदेशी खेळाडूला संशय आला. त्याने विचारलं, "बॉट?" दाजी फार दुखावले. फोर्टपर्यंत विचार करून त्यांनी उत्तर दिलं, "सर, आय ॲम अ ह्यूमन बीइंग. आय ॲम इन सर्व्हिस." तोवर विचारणारा कधीच निघून गेला होता, पण उत्तर रेकॉर्डवर राहिलं याचं दाजींना समाधान आहे.

आता या सगळ्यात आहे काय, असं ताई विचारते. मलाही बरीच वर्षं तोच प्रश्न होता. उत्तर दाजींच्या फाइलमधल्या एका कागदावर सापडलं. ऑफिसच्या जुन्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी सुवाच्य अक्षरात हिशेब मांडला होता. नव्याण्णवाव्या पातळीला एकूण गुण लागतात १,३०,३४,४३१. ब्याण्णवाव्या पातळीला ६५,१७,२५३. म्हणजे ब्याण्णव झालं की निम्मं झालं. उरलेल्या सात पातळ्यांसाठी यूचे ३७,२४२ ओंडके. एका खेपेला २८ धरल्यास १,३३१ खेपा, शेवटची अपुरी.

ब्याण्णव म्हणजे निम्मं! हे वाचून मला घेरी आली. दाजी मात्र त्या कागदाकडे कौतुकाने पाहत होते. त्यांच्या ऑफिसातली बढती ज्येष्ठतायादीत अडकलेली आहे, यादी कोर्टात अडकलेली आहे आणि कोर्ट तारखेत अडकलेलं आहे. "इथे बघ," ते कागदावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "आकडा सगळ्यांना सारखा. अमेरिकेतल्या पोराला तेवढाच, मला तेवढाच. घाव घातला की त्याचे गुण जमा. कुणाच्या सहीसाठी थांबलेले नाहीत." वीरपुरुष होण्याची मुभा असलेल्या दुनियेत जाऊन दाजींनी कारकुनीच पत्करली, हे खरं. पण जन्मभर केली ती कारकुनी जशी असायला हवी होती, तशी त्यांना तिथे मिळाली होती.

नव्याण्णवावी पातळी आली ती एका रविवारी सकाळी. दाजींनी ती मुद्दाम रविवारवर ढकलली होती. शनिवारी थोडे गुण राहिले असताना कुऱ्हाड खाली ठेवली. आंघोळ करून बसले. ताई, भाचा, मी, शेजारचे काका असे सगळे सहा इंचांच्या पडद्याभोवती जमलो. ओंडका पडला. त्या ठेंगण्या दाढीवाल्याच्या डोक्यावर आतषबाजी झाली आणि दोन सेकंदांत विझली. "झालं?" शेजारचे काका म्हणाले. तेवढ्यात आजूबाजूचे अनोळखी लाकूडतोडे 'जीझेड', 'जीझेड' असं टाइप करू लागले. हे त्यांच्या बोलीत अभिनंदन. दाजींनी प्रत्येकाला स्वतंत्र 'थँक यू सर' लिहिलं.

पुढे सत्कार. नव्याण्णव गाठणाऱ्याला त्या कौशल्याची खास शाल, म्हणजे पाठीवर रुळणारा झगा, घेता येतो. पण तो ९९,००० नाणी मोजून स्वतःच विकत घ्यायचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सत्कारांची पद्धत ठाऊक असल्यामुळे दाजींना यात काही वावगं वाटलं नाही. अडचण वेगळीच निघाली. झगा फक्त वर्गणी भरणाऱ्या सभासदांना मिळतो, आणि दाजींनी इतकी वर्षं खेळाला एक रुपया दिलेला नव्हता. तो देण्याचा त्यांचा विचारही नव्हता. खेळातली नाणी देऊन बाजारातून बाँड घेता येतो आणि एका बाँडवर १४ दिवसांचं सभासदत्व मिळतं. दाजींनी बँकेत साठवलेले ओंडके विकायला काढले, तेही चालू भावापेक्षा दोन नाणी चढे लावून. खरेदीदार दमेपर्यंत थांबले. बाँड घेतला. झगा घेतला.

ते चौदा दिवस दाजी झगा घालून गावोगाव फिरले. इथे नवी गोष्ट आणायची तर खेळाडूंचा कौल घेतात, तो मतदानाचा प्रकारही त्यांनी पाहिला. दाजींना त्या पद्धतीत एकच दोष दिसला. मतदानाआधी इतिवृत्त वाचून कायम केलं जात नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी झगा काढला आणि बँकेत जमा केला. फुकट खेळणाऱ्यांच्या जगात तो पांघरता येत नाही. ताईला हे कळलं तेव्हा तिचा पारा चढला.

"म्हणजे इतकी वर्षं लाकडं फोडलीत, आणि आता तो अंगावर घालताच येणार नाही?"

"नाही. पण बँकेत आहे."

"मग त्याचा उपयोग काय?"

"तुझ्या पाटल्या कुठे आहेत?" दाजींनी मान वर न करता विचारलं.

"लॉकरमध्ये."

"मग?" असं म्हणून दाजींनी मासेमारीचा गळ उचलला. मासेमारी एक्केचाळीसवर होती.