सेट झाला का?

१९८९ साली ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘सेट’ या एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ भरले आणि ते सांगण्यात सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने ६४५ अर्थांपर्यंत मजल मारून त्याला मागे टाकलं म्हणे. टाकलं असेल. आमच्या सुरतेत ‘सेट’ला तोड नाही. कोशकारांनी लिंबायतला एक चक्कर मारली असती, तर ते ४३० वर थांबलेच नसते.

या क्रियापदाचं आणि सुरतेचं नातं तसं जुनं. १६०८ साली विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाज घेऊन इथे आला, १६१३ मध्ये इंग्रजांची वखार उभी राहिली आणि कंपनीचं हळूहळू सगळं सेट होत गेलं. (मध्यंतरी १६६४ आणि १६७० मध्ये महाराजांनी येऊन शहर चांगलंच अपसेट केलं, ती गोष्ट वेगळी.)

आम्ही खानदेशी मंडळी बरीच उशिरा, भुसावळ-सुरत गाडीत धक्के खात आलो. कोणी लूमवर लागलं, कोणी मार्केटात. तेव्हापासून अमळनेर-दोंडाईचाकडचा कुठलाही नातेवाईक भेटला की रामरामाच्या आधी विचारतो, ‘‘पोऱ्या सेट व्हई गया का?’’ प्रश्न छोटा वाटतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. मराठीत नोकरी लागते, लग्न लागतं आणि घराचे हप्तेही मार्गी लागतात. तीन वेगळी लागणी, तीन वेगळे पेढे. सुरतेच्या ‘सेट’ने हा सगळा खर्च एका पेढ्यावर आणला. यातलं एक जरी राहिलं तरी पोरगा सेट नाही. दिंडोलीत स्वतःचा फ्लॅट आहे, पगार आहे, पण पस्तिशीला बिनलग्नाचा? नाही सेट. लग्न झालं, जुळी मुलं झाली, पण खोली भाड्याची? अजिबात नाही.

धंद्यात हाच शब्द किती सरळ वागतो! रिंग रोडच्या घाऊक मार्केटात आमच्या सौभाग्यवतींनी एका मोरपंखी साडीवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, ‘‘भाभी, सिंगल नही मिलेगा, पूरा सेट लेना पडेगा.’’ सेट आठ साड्यांचा. डिझाइन एकच, रंग आठ. घासाघीस करून झाली, बाहेर जाऊन परत येण्याचं नाटकही झालं, शेवटी सेट घेतला. पुढच्या लग्नसराईत आमच्या घरच्या बायका बँडपथकासारख्या एका गणवेशात वावरल्या. आणि मोरपंखी नेमकी नणंदेने उचलली.

पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये पॉलिएस्टरचं कापड स्टेंटर मशीनवर ताणून धरतात आणि दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. त्याला हीट सेट म्हणतात. एकदा हे झालं की कापड धुतलं तरी आटत नाही, चुरगळत नाही, रुंदी सोडत नाही. मुलीचे बाप जावई शोधताना नेमकं हेच शोधत असतात, फक्त स्टेंटर कुठे लावायचा ते त्यांना कळत नाही.

आता ‘सेटिंग’. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. बाकावरसुद्धा सीमारेषा रंगवलेली, लोक फोटो काढून घेतात. त्या बाकाच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला बसून ‘सेटिंग आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एखादी पोरगी, परीक्षा नाहीतर टेंडर आठवतं. तेच वाक्य दोन फूट सरकून, दारूबंदीच्या राज्यात म्हणून बघा. समोरचा आधी डावी-उजवीकडे पाहतो आणि मग आवाज खाली आणतो.

माझे एक शिक्षकमित्र महापालिकेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवत. ‘द सन सेट्स इन द वेस्ट’चं मराठी त्यांनी विचारलं. पोरगा म्हणाला, ‘‘सूर्य पश्चिमेला सेट झाला.’’ गुरुजींनी त्याला चूक द्यायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. अमेरिकेत सेट झालेल्यांचे नातेवाईक ज्या शहरात गल्लीगल्लीत सापडतात, तिथे हे उत्तर चूक कसं ठरवायचं? बुडालेला सूर्य त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

आणि आमचा भाचा. पुण्याहून त्याचा फोन आला, ‘‘मामा, सेट झालो!’’ आक्काने फोन ठेवायच्या आत अर्ध्या गल्लीत पेढे वाटले. संध्याकाळी उलगडा झाला की हा सेट म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा. नोकरी अजून नाही, तासिका तत्त्वावर बोलावणं येईल म्हणे. पण पेढे वाटलेले, तेव्हा स्थळंही येऊ लागली. त्यातले एक पाहुणे, उधन्याचे, बशीतला चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.

‘‘सेट झालाय ना?’’

‘‘झालाय.’’

‘‘मग इथल्याच कॉलेजात लावा.’’

‘‘नाही हो नाना. महाराष्ट्राचा सेट गुजरातेत चालत नाही. गुजरातचा सेट वेगळा द्यावा लागतो.’’

‘‘म्हणजे तिथे सेट आहे, पण इथे सेट नाही?’’

‘‘आणि तिथेही अजून सेट नाही.’’

नानांनी बशी खाली ठेवली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि उठता उठता विचारलं, ‘‘नवापूरला आहे का एखादं कॉलेज?’’